फळं चालतील

या लेखात मी कुणाचंही नाव सांगणार नाही, आणि आडनाव तर मुळीच नाही. सगळी नावं मला पाठ आहेत, पण देणार नाही. दिलं की तुम्ही गोष्ट बाजूला ठेवाल आणि आधी आडनाव वाचाल. मला ठाऊक आहे, कारण मीही तेच करते. लग्नपत्रिका आली, वर्गात नवी मुलगी आली, शेजारच्या दारावर नवी पाटी लागली, की आपला डोळा पहिल्यांदा शेवटच्या शब्दावर जातो. त्यावरून नाही कळलं तर "मूळचे कुठले?" हा प्रश्न आहेच. किती गोड प्रश्न! ऐकणाऱ्याला वाटावं, आपली प्रेमाने चौकशीच चालली आहे. यंदा या प्रश्नाची मला इतकी चीड आली आहे की कुणी विचारला तर मी तोंडावर काहीतरी बोलेन आणि मग उगीच संबंध बिघडतील. बिघडू देत.

मी भोपाळच्या एका शाळेत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. बावीस वर्षं झाली. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इकडे आले, नेहरू नगरमध्ये त्यांनी घर बांधलं आणि त्याच घरात मी अजून राहते. अकरावीला आम्हाला एक जुनी, जगभर वाचली जाणारी परदेशी कादंबरी आहे. एका निरपराध माणसावर आळ येतो. तो निरपराध आहे हे गावाला माहीत असतं, तरी गाव त्याला बुडवतं, आणि एक लहान मूल हे सगळं बघत मोठं होतं. परीक्षेत प्रश्न दरवर्षी तोच येतो, फक्त शब्द इकडचे तिकडे होतात: न्याय, पूर्वग्रह आणि वाढतं वय या तीन सूत्रांची चर्चा करा. या प्रश्नावरच्या माझ्या नोट्स शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कायम तयार असतात. दुसऱ्या शाळांची मुलंसुद्धा घेऊन जातात. त्यातलं एक वाक्य मी वर्गात दोनदा सांगते, दुसऱ्यांदा सावकाश, म्हणजे मुलांना उतरवून घेता यावं. या कादंबरीतले बहुतेक लोक दुष्ट नाहीत; त्यांना खरं माहीत आहे आणि ते गप्प बसतात, आणि अन्यायाला तेवढं पुरतं. हे माझं स्वतःचं वाक्य, कुठल्या गाइडमधलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण आई माझ्या आत्याला उद्देशून वापरायची. आता ती कुणाला लागू आहे ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या वाचन कट्ट्यावर मी याच कादंबरीवर तासभर बोलले होते. मंडळ म्हणजे साठ-सत्तर घरं. निम्मी आमच्यासारखी नागपूरकडून आलेली, निम्मी इंदूर-ग्वाल्हेरची. कट्ट्याला पंचवीसेक बायका होत्या. कोर्टाच्या प्रसंगाशी आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघींनी पदर डोळ्यांना लावले. आमच्या अध्यक्षबाई, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्या भाषण संपल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती अमानुष लोक गं ते! आपल्याला कल्पनासुद्धा करवत नाही." मग सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले.

यंदा जूनमध्ये अकरावीच्या माझ्या वर्गात एक मुलगी आली. दुसऱ्या बाकावर बसायची आणि उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करायची. हजेरी घेताना तिचं नाव आलं तसा माझा डोळा शेवटच्या शब्दावर गेलाच. मराठी आहे हे कळलं. बाकीचंही कळलं. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

"मॅम, आप मतलब तुम्ही मराठी आहात ना?"

"हो. तूही ना?"

ती इतकी हसली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. दोन वर्षांपूर्वी ते विदर्भातल्या एका गावाहून इथे आले होते. वडील मंडीदीपच्या एका फॅक्टरीत फिटर, पहाटे कंपनीच्या बसने जायचे. आई घरी. राहायला कोटऱ्याच्या बाजूला दोन खोल्या, म्हणजे माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. मी म्हटलं, रविवारी ये, इंग्रजी बघू. ती आली, तर बरोबर आईही आली. बाई दारातच उभी राहिली, चप्पल काढू की नको अशी. आत या म्हटलं तेव्हा आली आणि सोफ्याच्या कडेवर बसली.

ती बाई मला फार आवडली. बोलायला लागली की थांबायची नाही. दोन वर्षांत इथे कुणाशी मनसोक्त मराठी बोलली नव्हती, ते सगळं साचलेलं. भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी. "घरात पोरगी बी हिंदीतच बोलते मॅडम, मी काय भिंतीसंगं बोलू?" म्हणाली. आमच्या मंडळाचा गणपती दहा दिवस असतो हे तिला मुलीकडून कळलं होतं. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिने विचारलं, "मॅडम, तिथं नैवेद्य कोन करते?"

मी सांगितलं. आमच्याकडे रोज एका घराचा मान असतो. त्या घराने सगळ्यांना पुरेल इतका नैवेद्य घरी रांधून आणायचा, संध्याकाळची आरती त्यांनी आधी ओवाळायची आणि मग त्यांनीच आपल्या हाताने प्रसाद वाटायचा. नवीन घर मंडळात आलं की पहिल्या वर्षी त्याला एक दिवस देतात. त्या दिवशी सगळे त्यांना बघतात, नावं विचारतात, घरी बोलावतात. माझ्या आईनेही तसंच केलं होतं. मंडळात येण्याचं खरं दार तेच आहे, वर्गणीची पावती नाही.

"मंग मी मांडे करतो," ती म्हणाली. त्यांच्याकडे बायकाही करतो, जातो असंच म्हणतात. "खापरावरचे. खापर आनलं हाय मी गावाहून. मांडीवर घेऊन बसलो होतो बसमधी, फुटू नाही म्हणून."

मांडे ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगायला हवं. पुरण भरलेली पोळी लाटत नाहीत, दोन्ही हातांवर उडवत उडवत वाढवतात, इतकी की कोपरापर्यंत येते, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. माझ्या आजीला यायचे, आईला आले नाहीत, मला तर साधी पुरणपोळीसुद्धा धड येत नाही. त्या बाईने सोफ्याच्या कडेवर बसल्या बसल्या हवेतच मांडा वाढवून दाखवला. मुलगी लाजून "आई, बस ना" म्हणत होती. मी त्याच क्षणी सातवा दिवस त्यांना देऊन टाकला.

देऊन टाकला, कारण नैवेद्याची यादी दरवर्षी मीच करते. माझं टायपिंग बरं आहे एवढंच माझं क्वालिफिकेशन. यादीत लिहिलं: सातवा दिवस, पुढे बाईंचं नाव, पुढे मांडे. यादी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. आणि उत्साहाच्या भरात बाईंनाही ग्रुपमध्ये घेतलं, म्हणजे त्यांना आपली यादी दिसावी. हे लक्षात ठेवा.

तीन-चार दिवसांनी ताईंच्या घरी तयारीची बैठक होती. आम्ही सहा बायका. मखराचं ठरलं, लहान मुलांच्या नाचाचं ठरलं, मग ताईंनी चष्मा कपाळावर सरकवून फोन हातात घेतला.

"अगं, सातव्या दिवसाचं हे कोण?"

"माझ्या वर्गातल्या मुलीची आई. विदर्भातले आहेत. खापरावरचे मांडे करणार आहेत."

"अय्या, मांडे! किती वर्षांत खाल्ले नाहीत." ताईंचा चेहरा खरंच खुलला होता. मग म्हणाल्या, "हे आडनाव कुठलं गं? आपल्याकडे नाही ना कुणी या आडनावाचं?"

"नाही."

"मूळचे कुठले?"

मी गाव सांगितलं.

"शेतीवाडी होती का? म्हणजे घरी काय करायचे?"

"माहीत नाही. नवरा मंडीदीपला फिटर आहे."

"हं," ताई म्हणाल्या.

या "हं"वर पुस्तक लिहिता येईल. कुणी आवाज चढवला नाही. कुणी वाईट शब्द काढला नाही. कुणाचा चेहरासुद्धा वाकडा झाला नाही. पाच बायका एकाच वेळी चहाच्या कपात बघायला लागल्या, एवढंच झालं. मग ताई अगदी मायेने म्हणाल्या, "हे बघ, आपलं काही नाही हं. आपण कुठे असलं काही मानतो? पण जुनी मंडळी असतात, त्यांचं सोवळं असतं. उद्या कुणी प्रसाद घेतला नाही, तर त्या बाईलाच वाईट वाटेल ना? मी तिच्याच भल्यासाठी म्हणते."

"हो ना," शेजारची म्हणाली. "आजकाल कशाचाही इश्यू होतो."

"फळं आणू दे ना तिला," ताई म्हणाल्या. "हार आणि फळं. फळं चालतील."

ज्यांना हे कळलं नसेल ते भाग्यवान आहेत. त्यांच्यासाठी सांगते: फळाला साल असतं. आणणाऱ्याचा हात सालाला लागतो, आतल्या गराला लागत नाही. शिजवलेल्याला साल नसतं. कणीक हातांनी मळलेली असते, पुरण हातांनी वाटलेलं असतं, आणि मांडा तर अख्खा दोन्ही हातांवरच वाढलेला. म्हणून एका घराचं पुरण चालतं आणि दुसऱ्या घराची केळी चालतात. हा हिशेब आमच्यापैकी कुणालाही कधी कुणी शिकवलेला नाही आणि सहाच्या सहा जणींना तो येत होता. सहावी मी.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं."

मला तिथे भांडता आलं असतं. ताई काही कुठल्या सरकारच्या मंत्री नाहीत. त्या मला नोकरीवरून काढणार नव्हत्या, पोलीस बोलावणार नव्हत्या. फार तर दोन महिने फोन केला नसता. बावीस वर्षं मी मुलांना सांगते की भर कोर्टात खरं बोलायला धैर्य लागतं. इथे कोर्ट नव्हतं, एक दिवाणखाना होता आणि ट्रेमध्ये चकल्या होत्या. तिथेच, सगळ्यांच्या समोर, मी फोन काढला, यादीतला "मांडे" हा शब्द खोडला आणि "फळं, हार" लिहिलं. नवी यादी ग्रुपवर गेली. खाली अंगठे यायला लागले. घरी पोहोचेपर्यंत येत होते.

रिक्षात मला आमची बशी आठवली. मी दहा-अकरा वर्षांची असताना माझी एक मैत्रीण बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायची. तिला मी एकदा शाळेतून घरी आणलं. आईने तिला जवळ घेतलं, अभ्यास कसा चाललाय विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग आतून चिवडा आणला. माझा स्टीलच्या ताटलीत, तिचा निळ्या काठाच्या एका बशीत. ती बशी मी आधी कधी पाहिली नव्हती. मैत्रीण गेल्यावर पाहिलं, तर ती मागच्या अंगणात नळाजवळच्या फळीवर, इतर भांड्यांपासून वेगळी पालथी घातलेली होती. मी आईला काही विचारलं नाही. पुन्हा त्या मैत्रिणीला घरीही आणलं नाही. तिने कारण विचारलं तेव्हा, आमच्याकडे पाहुणे आहेत, असं सांगितलं. कितीतरी महिने आमच्याकडे पाहुणे होते. अकरावीच्या त्या कादंबरीत लहान मूल बघतं, चिडतं आणि शहाणं होतं. मी बघितलं आणि खोटं बोलायला शिकले. आमच्या घरात मोठं होणं ते होतं.

आई माझी वाईट बाई नव्हती हो. हेच तर! ताईही नाहीत. गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा ताईंकडून जातो. मला एखादी कजाग, दुष्ट बाई हवी आहे जिच्यावर मी हे सगळं ढकलू शकेन, आणि ती मला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला वऱ्हांड्यात गाठलं.

"अगं, आईला सांग, यंदा पदार्थ फारच झालेत. खूप वाया जातं. तर त्यांनी फळं आणावीत, म्हणजे त्रासही वाचेल."

"ठीक आहे, मॅम," ती म्हणाली.

तिने एकही प्रश्न विचारला नाही. सोळा वर्षांच्या मुली असं करत नाहीत. त्या "का पण?" म्हणतात, "आईने तर सगळं आणलंय" म्हणतात. तिच्या आईने खरंच सगळं आणलं होतं, खापरसुद्धा घासून उन्हात ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं. ती फक्त "ठीक आहे" म्हणाली आणि वर्गात गेली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की यादी ग्रुपवर आहे आणि तिची आई ग्रुपमध्ये आहे. मीच घेतलं होतं. पहिल्या यादीत मांडे, दुसऱ्या यादीत फळं, बाकी नऊ दिवस जसेच्या तसे. मोदक, शिरा, पुरणपोळी, खीर. पदार्थ फार झाले होते म्हणे!

सातव्या दिवशी ते तिघंही आले. वडील इस्त्रीच्या शर्टात, कामावरून परस्पर आलेले. बाई जरीकाठी साडीत, नाकात नथ. एवढी मोठी वेताची टोपली, त्यात केळी, सफरचंदं, डाळिंबं, सीताफळं, प्रत्येक फळ धुऊन पुसून लावलेलं. हार तिने घरीच गुंफला होता. आरती त्यांनी आधी ओवाळली. तेवढं ताईंनी होऊ दिलं, आणि मला वाटलं, चला, निभावलं. लाज वाटते, पण खरंच वाटलं तसं.

मग ताईंनी पिशवीतून स्टीलचा मोठा डबा काढला. "थोडा शिरा करून आणला गं, मुलांना नुसत्या फळांनी काय होतंय." शिऱ्याचा नैवेद्य दाखवला गेला आणि शिरा वाटला गेला. ताईंच्या सुनेने वाटला. बाई टोपलीजवळ हात पुढे करून उभी होती, केव्हा वाटू असं विचारत. "राहू दे, राहू दे, फळं नंतर बघू," ताई हसून म्हणाल्या. त्या नंतरला काही मुहूर्त लागला नाही. लोक चपला घालायला लागले. शेवटी टोपलीतली फळं उचलून हॉलच्या चौकीदाराला आणि मांडव बांधणाऱ्या माणसांना देण्यात आली.

म्हणजे फळंसुद्धा चालली नाहीत. सालासकट चालली नाहीत!

मी तिथे होते. पहिल्या रांगेत होते. माझ्या हातात द्रोण होता आणि मी शिरा खात होते. बाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. मुलगी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. वर्गात मी फळ्यावर काही लिहीत असले की ती जशी बघते, लक्ष देऊन, तशी.

त्यानंतर रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. "मॅम, घरी काम असतं," म्हणाली. मीही दहा-अकरा वर्षांची असताना असंच सांगत होते, म्हणून मला ते ओळखता आलं. विसर्जन झाल्यावर मी ताईंना फोन करून सांगितलं की पुढच्या वर्षीपासून यादी मी करणार नाही. "का गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, शाळेचं काम वाढलंय. पाहा! तेव्हाही खरं तोंडातून निघालं नाही. ग्रुपवर मी एक लांबलचक मेसेज लिहिला होता, चार दिवस लिहीत होते, शुद्धलेखनसुद्धा तपासलं. मग पुसून टाकला.

सहामाहीत प्रश्न तोच आला. न्याय, पूर्वग्रह आणि वाढतं वय. तिची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात मधेच कुठेतरी होती. मी खुर्चीत सावरून बसले. मला वाटलं, आता ही काहीतरी लिहिणार. कडू लिहिणार, टोचेल असं लिहिणार, आणि मी ते सोसेन, आणि मग आमचं काहीतरी बोलणं होईल. तिने तसलं काहीच केलं नव्हतं. तिने माझ्या नोट्स लिहिल्या होत्या. शब्द न् शब्द, स्वल्पविरामासकट. आणि ते वाक्य, बहुतेक लोक दुष्ट नाहीत, त्यांना खरं माहीत आहे आणि ते गप्प बसतात, त्याखाली पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारली होती. हुशार मुलं महत्त्वाच्या वाक्याखाली मारतात तशी, परीक्षकाच्या नजरेत यावी म्हणून.

आली नजरेत. मी तांबडं पेन घेतलं आणि पैकीच्या पैकी दिले. दुसरं काय देणार होते? उत्तर बरोबर होतं.

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. कोटऱ्याच्या बाजूची गल्ली, दुसरा मजला, जिन्यात सायकल. दार मुलीने उघडलं आणि क्षणभर बाजूलाच झाली नाही. मग आतून आवाज आला, "कोन हाय गं?" आणि बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"या नं मॅडम, बसा नं."

मी पलंगाच्या कडेवर बसले. वडील कामावर होते. मी घरून काय काय ठरवून आले होते, त्यातलं काही आठवेना. शेवटी म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले. पदार्थ जास्त झाले नव्हते."

"माहीत हाय नं," बाई म्हणाली. "यादी पाह्यली होती मी."

"मी तिथे बोलायला हवं होतं. बोलले नाही."

"जाऊ द्या मॅडम. तुमी काय करान."

मला वाटत होतं तिने ओरडावं. माझी लायकी काढावी. घरातून चालती हो म्हणावं. तेवढं माझं देणं लागत होती ती, असंच मी समजून बसले होते. म्हणजे बघा, माफी मागायला गेले आणि तिथेही माझी सोय बघत होते. ती शांतपणे माझ्याकडे बघत होती. नवीन माणसाशी आपण जितकं चांगलं वागतो तितकं चांगलं ती माझ्याशी वागत होती. पहिल्या रविवारची ती बडबडी बाई त्या खोलीत कुठेच नव्हती, आणि ती मी घालवली होती.

मग मी ते बोलले जे बोलायला नको होतं. "मला तुमच्या हातचे मांडे खायचेत," म्हटलं. "केव्हाही. मी येईन."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

"खापर गावाले पाठोलं मॅडम," बाई म्हणाली. "दीर आले होते, त्यांच्यासंगं. इथं काय कराचं ठेवून."

ती आत गेली. ओट्यावर पातेलं होतं, झाकण अर्धं होतं, काहीतरी शिजत होतं आणि त्याचा वास सगळ्या घरात होता. डाळ असावी. मला भूक लागली होती हेही मला तेव्हाच कळलं. मला वाटलं, वाटीभर देईल. दिलं तर मी मागून घेईन, दोनदा घेईन, बोटं चाटून खाईन. आत दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मग मुलगी बाहेर आली. तिच्या हातात स्वच्छ धुतलेली स्टीलची ताटली होती, ताटलीत दोन केळी आणि एक सफरचंद. अख्खं. बाजूला सुरी.

"घ्या नं मॅडम," मागून बाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. पाहुणीला काय चालतं ते आपल्या परीने समजून घेऊन तिने पुढे केलं होतं. "शिजवेल काही देऊ का नाही, समजे नाही. म्हटलं फळं चालतील."

मुलीने ताटली माझ्या पुढ्यात ठेवली. "कापलं नाही, मॅम," ती म्हणाली. "मी फक्त सालाला हात लावला आहे. सोलून तुम्हीच घ्या."

मी केळं उचललं. सोलताना साल दोनदा तुटलं. मी ते खाल्लं, आणि त्या दोघी उभ्या राहून बघत होत्या.